चढणीचे मासे तेवढे सोडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पहिला मोठा पाऊस झाला की दरवर्षी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ सुरू होतात, बघा आमच्या ओढ्याला चढणीचे मासे लागले, बादल्या भरल्या, पोरं नाचतायत. मीपण लहानपणी दारणा नदीच्या काठावर हेच केलंय, मच्छरदाणीचं कापड लावून, तेव्हा कोणाला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाहीये. पण हे मासे वर चढतात ते अंडी घालायला, पोटात गाभोळी भरलेली असते, आणि आपण नेमके तेव्हाच त्यांना उचलतो, एवढंच मला सांगायचंय.

हे डोक्यात पक्कं बसलं ते अमेरिकेत. माझी मुलगी मिनेसोटात राहते, जानेवारी २०२३ मध्ये तिच्याकडे होतो. मी चाळीस वर्षं गळ टाकतो हे जावईबापूंना माहीत, ते म्हणाले चला बाबा, बर्फावर मासे धरू. कॅनडाच्या बॉर्डरवर लेक ऑफ द वूड्स म्हणून प्रचंड तलाव आहे, तिथे नेलं. उणे वीसच्या खाली थंडी, तलाव सगळा गोठलेला, आणि त्यावर लोक गाड्या घेऊन फिरतायत! चार इंच पक्का बर्फ असला तर माणसाने चालावं असं तिकडे सांगतात, गाडीला त्याच्या अडीच-तीनपट लागतो. ऑगर म्हणून मोठं गिरमिट असतं त्याने बर्फाला आठेक इंचाचं भोक पाडायचं, त्यातून छोट्याशा काठीने गळ खाली सोडायचा, गळाला बारीक मासा, आणि तळाजवळ हलकेच वरखाली करत बसायचं. मासा म्हणजे वॉलाय, मिनेसोटाचा राज्यमासाच आहे तो. त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात, अंधारात त्याला छान दिसतं म्हणून दिवस मावळताना जास्त लागतो.

माझ्या गळाला पहिलाच चांगला हातभर लागला, मी खूश, आणि जावईबापूंनी पट्टी काढली. साडेबावीस इंच. म्हणाले सोडावा लागेल! मला वाटलं चुकून बोलले. तर तिथला नियम असा की साडेएकोणीस ते अठ्ठावीस इंचातला वॉलाय ठेवायचाच नाही, कारण अंडी घालणाऱ्या माद्या ह्याच मापाच्या. चांगली मोठी झालेली एक मादी लाखाच्या वर अंडी घालते. अठ्ठावीसच्या वरचा एखादाच ठेवता येतो, बाकी खाण्यापुरते साडेएकोणीसच्या आतले, हिवाळ्यात माणशी चार वॉलाय, बस. अगदी बोटभर असले ते कोणी ठेवतच नाही, शेजारच्या भोकावर आठ-नऊ वर्षांचा पोरगा होता त्याने एक पिल्लू लागलं तर पाण्यातच गळ सोडवला, बर्फावर टाकलं नाही, कारण त्या थंडीत बाहेर काढलं की कल्ले नि डोळे लगेच गोठतात. आणखी एक कळलं, तीस फुटांपेक्षा खोलातून ओढलेला मासा सोडला तरी बहुतेकदा जगत नाही, पोटातली हवेची पिशवी फुगते, म्हणून खोलात नुसतं धर-सोड करत बसायचं नाही, कोटा झाला की गळ गुंडाळायचा. लायसन्स पाहुण्यालाही लागतं, मीपण काढलं होतं.

आणि फेब्रुवारीच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत मिनेसोटातल्या बहुतेक तलावांत वॉलाय धरणं बंद (ह्या बॉर्डरवरच्या तलावात ते एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतं). कारण बर्फ वितळला की त्याची वीण. म्हणजे त्यांची बंदी विणीच्या दिवसात, आणि आपली धूम विणीच्या दिवसात.

(ठेवलेल्या दोन माशांचं मुलीने नाशिकहून नेलेल्या काळ्या मसाल्यात कालवण केलं, काटे अगदी कमी, फार गोड मासा.)

आता आपल्याकडचं. रोहू, कटला, मृगळ धरणाच्या साठलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून तर धरणात दरवर्षी मत्स्यबीज सोडावं लागतं, ते पैसे देऊनच येतं. गेल्या जुलैत एका सांडव्याखाली बघितलं, बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यात बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) किलो-किलोने निघत होती, बाजारात वाटे लावून विकली. कटल्याला चांगलं खाद्य मिळालं तर वर्षभरात किलोभर होतो हो! बोटाएवढा विकून कोणाचं भलं झालं? सगळ्यात जास्त वाईट मला मरळीचं वाटतं. तिची लालसर पिल्लं घोळक्याने वर येतात आणि खाली आईबाप राखण करत फिरतात, पाण्यावर लाल गोळा दिसला की आपले लोक तिथेच गळ टाकतात, आईबाप लागतात, मग पिल्लांना कोण वाचवणार.

नियम नाहीत असंही नाही. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, जाळ्याचा आस ठरवायचा अधिकारही त्याच कायद्याने सरकारला दिलाय. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, २०२३ मध्ये राज्याने समुद्रातल्या ५४ जातींचं किमान मापपण ठरवलं. मग नदी-ओढ्यांकडे तेवढ्याच गांभीर्याने का बघू नये? आपलं नांदूर मध्यमेश्वर रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, गेल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, तिथले पक्षी बघायला आपण कॅमेरे घेऊन जातो, त्या पक्ष्यांतले कितीतरी ह्याच माशांवर जगतात.

पोट मासेमारीवर आहे त्यांना पावसाळ्याचे दोन महिने घरी बसा म्हणायचं तर त्या दिवसांचा काहीतरी मोबदला द्यायलाच पाहिजे, माझं म्हणणं तेवढंच स्पष्ट आहे. पण आमच्यासारखे हौसेचे गळवाले आणि बाजारातले गिऱ्हाईक आजपासून सुरू करू शकतात. खिशात टेप ठेवा, गाभोळीची मादी आणि वीतभराच्या आतली कटला-रोहू हात ओले करून पाण्यात सोडा, मरळीच्या लाल घोळक्यावर गळ टाकू नका, बाजारात बोटुकलीचा वाटा घेऊ नका.

आणि संपादकसाहेब, एक विनंती, जूनच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या पेपरात ह्याची एक चौकट छापा, सोबत बोटुकलीचा खऱ्या मापाचा फोटो, म्हणजे लोकांना कापून खिशात ठेवता येईल.

आपला,
एक गळवाला वाचक, नाशिकरोड