विषय: तुमच्या वजन कमी करायच्या कॅप्सूल, अर्धवट लेबल आणि चॅटवर मिळालेला सल्ला

कस्टमर केअर टीम आणि त्यांच्या वरचे जे कोणी साहेब-मॅडम हे वाचत असतील त्यांना नमस्कार,

माझ्या ताईने तुमच्या वेबसाईटवरून वजन कमी करायच्या कॅप्सूल मागवल्या होत्या, पावती आणि बाटलीचे फोटो सोबत जोडलेत. वजन कमी झालं नाही म्हणून हे पत्र नाहीये हे आधीच सांगते, म्हणजे तुमचा तो "रिझल्ट व्यक्तीनुसार बदलतात" वाला रेडिमेड रिप्लाय पाठवायची तसदी घेऊ नका. बाटलीत नक्की काय आणि किती आहे हेच तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे ते कोणी घ्यावं आणि कोणी हातही लावू नये हे ना आम्हाला कळलं ना डॉक्टरांना, ही माझी तक्रार आहे.

झालं असं की कॅप्सूल सुरू केल्यावर ताईला रात्री झोप येईना, छातीत धडधड व्हायला लागली, हात थरथरायचे, बसल्या जागी नाडी ११० च्या वर. बीपीची गोळी ती आधीपासून घेते. मी तुमच्या चॅटवर विचारलं तर म्हणे घाबरू नका मॅडम, बॉडी डिटॉक्स होतेय, फॅट बर्न होतंय त्याचं लक्षण आहे, हवं तर दोनच्या जागी चार घ्या, रिझल्ट लवकर येईल. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. बीपी-थायरॉईड आहे का, दुसरी काही औषधं चालू आहेत का, प्रेग्नंट आहात का, एक प्रश्न विचारला नाही हो! धडधड होतेय म्हणणाऱ्याला डोस डबल करायला सांगणारा हा माणूस कोण आणि त्याला औषधातलं काय कळतं, हे मला लेखी हवंय.

आता लेबल. समोर हे मोठ्ठं "१००% नॅचरल, नो साईड इफेक्ट्स". आणि मागे स्टिकरची दोन टोकं जिथे जुळतात तिथे मुंगीएवढ्या अक्षरात "हर्बल ब्लेंड १२०० मिलिग्रॅम" आणि पुढे चार नावं, ग्वाराना, ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, बिटर ऑरेंज, गार्सिनिया. त्यातलं कुठलं किती, काही पत्ता नाही. कॅफीन हा शब्द अख्ख्या बाटलीवर नाही. अहो, ग्वारानाच्या बियांत कॉफीच्या बियांपेक्षा जास्त कॅफीन असतं, त्यात ग्रीन टीचं वेगळं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन साधारण चालतं म्हणतात, पण त्यात दिवसभराचा चहा-कॉफीही धरायचा असतो, आणि तुमच्या कॅप्सूलमध्ये किती आहे तेच माहीत नसेल तर माणसाने हिशोब करायचा कसा? बिटर ऑरेंजमध्ये सिनेफ्रिन असतं, ते इफेड्रा वनस्पतीतल्या इफेड्रिन या उत्तेजक द्रव्याच्या जवळचं. इफेड्रा असलेल्या सप्लिमेंटवर अमेरिकेत २००४ साली बंदी आली ती बीपी, हार्ट आणि स्ट्रोकच्या धोक्यामुळेच, आणि मग बऱ्याच कंपन्यांनी त्याच्या जागी बिटर ऑरेंज घातलं. कॅफीन आणि सिनेफ्रिन दोन्ही एकत्र, ते पण बीपी असलेल्या बाईला, आणि वर नो साईड इफेक्ट्स!

डॉक्टरांनी कॅप्सूल ताबडतोब बंद करायला सांगितल्या, ईसीजी काढला, लिव्हरची टेस्ट पण केली. लिव्हरची कशाला असं मी विचारलं तर ते म्हणाले की ग्रीन टी पिणं वेगळं आणि त्याचा कॉन्सन्ट्रेटेड अर्क गिळणं वेगळं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय की त्यातला ईजीसीजी हा घटक सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर रक्तात लिव्हर एन्झाइम वाढू शकतात, म्हणजे लिव्हरला इजा होत असल्याची खूण. गार्सिनियाच्या बाबतीतही लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, पोटात उजवीकडे वरच्या बाजूला दुखलं तर गोळी थांबवून डॉक्टर गाठा, एवढी एक ओळ छापायला तुम्हाला जागा मिळाली नाही का? नशिबाने ताईचे रिपोर्ट नॉर्मल आले, पण त्याचं क्रेडिट तुम्हाला नाही.

वजनासाठी खरंखुरं मंजूर असलेलं एक औषध म्हणजे ऑर्लिस्टॅट, त्याचं माहितीपत्रक एकदा वाचा. तेलकट जुलाब होतील, आवरणार नाहीत, असं सरळ छापलंय, लाज न बाळगता. ए, डी, ई, के व्हिटॅमिन कमी शोषली जातात म्हणून मल्टिव्हिटॅमिन झोपताना घ्या, थायरॉईडची गोळी असेल तर ४ तासांचं अंतर ठेवा, लिव्हरला क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो, सगळं लिहिलंय. घेणारा निदान डोळे उघडे ठेवून घेतो.

अजून एक. सिब्युट्रामिन नावाचं वजन कमी करायचं औषध हार्ट अटॅक आणि स्ट्रोकच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत बाजारातून काढलं, तरी "हर्बल" म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये ते गुपचूप मिसळलेलं अजूनही सापडतं. तुमच्यात आहे असं मी म्हणत नाही. पण नाही हे दाखवणारा या बॅचचा बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट मागितला तर "ट्रेड सिक्रेट आहे" असं उत्तर आलं. रेसिपी कोण मागतंय तुमची?

तर मला हवंय ते असं. प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम आणि एकूण कॅफीन किती हे लेखी, या बॅचचा लॅब रिपोर्ट, आणि पूर्ण रिफंड, त्यात "बाटली उघडलेली आहे" वगैरे कारणं नकोत. चॅटवरचा तो डबल डोसचा सल्ला आजच्या आज बंद करा आणि ज्यांना दिलाय त्यांना कळवा. लेबल बदलेपर्यंत निदान वेबसाईटवर तरी लिहा की बीपी, हार्ट, लिव्हर, थायरॉईडचा त्रास असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये.

उरलेल्या कॅप्सूल बाटलीसकट ठेवल्यात, परत पाठवणार नाही, औषध खात्याकडे तक्रार करताना नमुना म्हणून लागतील. उत्तर याच ईमेलवर द्या, फोन नको, जे काय असेल ते लेखी.

एक ग्राहक