विधेयकात सेवाही घ्या: आयर्लंडच्या परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

डब्लिन, ऑक्टोबर २०२५

माननीय सायमन हॅरिस यांस,

स. न. वि. वि.

२८ मे २०२४ रोजी, तुम्ही पंतप्रधान असताना, आयर्लंडने नॉर्वे आणि स्पेनसोबत पॅलेस्टाईनला मान्यता दिली. माझ्या जन्मदेशाने, भारताने, ती १९८८ सालीच दिली होती. तरी त्या दिवशी इथली नागरिक म्हणून मला फार अभिमान वाटला. पुढे इस्रायलने डब्लिनमधला आपला दूतावास बंद करायचे ठरवले, तेव्हाही तुम्ही मागे हटला नाहीत. मग आताच हात आखडता का?

इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहतींशी व्यापार थांबवण्यासाठी तुमच्या सरकारने तयार केलेल्या विधेयकात फक्त वस्तू आहेत. फ्रान्सिस ब्लॅक यांनी २०१८ मध्ये सिनेटमध्ये मांडलेल्या मूळ विधेयकात सेवाही होत्या. वसाहतींमधून इथे माल येतो तरी किती? चार-पाच वर्षांचा मिळून दहा लाख युरोंचाही नाही. बळकावलेल्या जमिनीवरच्या घरांतल्या खोल्या मात्र एअरबीएनबीवर भाड्याने मिळतात, आणि त्या कंपनीचे युरोपातले मुख्यालय आपल्या याच शहरात आहे. तो पैसा तसाच वाहू द्यायचा?

व्यापार हा युरोपीय संघाच्या अखत्यारीतला विषय, सेवांवरची बंदी कोर्टात टिकणार नाही, ही भीती मला कळते. पण आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी पॅलेस्टिनी भागावरचा इस्रायलचा ताबा बेकायदा असल्याचे मत दिले आणि त्याला हातभार लावणारे व्यापाराचे व गुंतवणुकीचे संबंध रोखायला सर्व देशांना सांगितले. वसाहतींतले खजूर चालणार नाहीत, खोलीभाडे चालेल, असे त्यात कुठेही नाही. आपल्या संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीनेही जुलैमध्ये सेवा घेण्याचीच शिफारस केली. कोणी कोर्टात गेले तर जाऊ द्या, सरकारने तिथे उभे राहून बाजू मांडावी.

या शहराने हे आधी करून दाखवले आहे. १९८४ मध्ये हेन्री स्ट्रीटवरच्या डन्स स्टोअर्स या दुकानात मेरी मॅनिंग या एकवीस वर्षांच्या कॅशियरने वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेची ग्रेपफ्रूट विकायला नकार दिला. तिला निलंबित केले, सहकारी संपावर गेले, आणि तो संप जवळजवळ तीन वर्षे चालला. सरकारने तिथल्या फळा-भाज्यांवर बंदी घातली ती १९८७ मध्ये. पगारावर पाणी सोडून उभ्या राहिलेल्या त्या मुलींच्या मागे सरकार किती उशिरा आले, ते बघा.

या ऑगस्टमध्ये इस्रायलने जेरुसलेमच्या पूर्वेला ‘ई-१’ भागात सुमारे ३,४०० घरांना मंजुरी दिली. ती उभी राहायच्या आत, नाताळच्या सुट्टीपूर्वी, सेवांसह हे विधेयक सभागृहात आणा.

आपली,
डब्लिनमधील एक मराठी मतदार