जाड अक्षरांनी गावांची नावे बुजवू नका: मंत्री महोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गावांच्या वेशीवर, शाळांवर आणि दवाखान्यांवर नवे फलक लागले. अक्षर सगळीकडे एकसारखे, जाड आणि गोलसर असेल, आणि काम तालुक्यातल्याच पेंटरांना मिळेल, असा शब्द भर सभेत दिला गेला होता. प्रत्यक्षात फलक बाहेरून छापून ट्रकने आले. आम्हा पेंटर आणि रेडियम कटिंगवाल्यांना खड्डे खणायलासुद्धा कोणी बोलावले नाही.

जाड गोल अक्षराला आमचा विरोध नाही. शाळेच्या भिंतीवर ते दुरून उठून दिसते. रेडियममध्ये कापले तर टोकदार कोपरे उन्हाने आधी उचलतात, गोल कोपरे टिकतात. असा तयार फॉन्टही आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘बालू’ खुल्या परवान्याचा आहे, शासनाला एक रुपया मोजावा लागत नाही. ‘बालू २’ तर ४०० ते ८०० अशा पाच जाडींत मिळतो (आकडा मोठा तितके अक्षर जाड). तेव्हा पैशाची सबब चालणार नाही.

मग नवे फलक असे का दिसतात? कारण जाड फॉन्ट वापरलेलाच नाही. साधे अक्षर घेऊन कोरल या संगणकावरच्या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये त्याला आउटलाइन, म्हणजे कडेने जाड रेघ, मारली आहे. १०० मिमी उंचीच्या अक्षराला ८ मिमीची आउटलाइन दिली की ती ४ मिमी बाहेर आणि ४ मिमी आत जाते. अक्षराच्या पोटातली १० मिमीची मोकळी फट दोन्ही बाजूंनी खाल्ली जाऊन २ मिमी उरते. मग घ आणि ध सारखे दिसतात, भ आणि म सारखे दिसतात, ष चा प होतो. घाटंजी, धामणगाव, भद्रावती अशी नावे असलेल्या मुलखात हे चालेल का? जाड फॉन्ट घडवणारा माणूस रेघा जुळतात तिथे त्या बारीक करतो आणि पोट मुद्दाम मोकळे ठेवतो. आउटलाइनला ही अक्कल नसते.

त्यात लांब नाव पत्र्यावर मावत नाही म्हणून आडवे दाबून ६० टक्के केले जाते. उभे दांडे बारीक होतात, शिरोरेषा तेवढीच जाड राहते, गोलाई चेपते. अक्षरांत अंतर वाढवले तर शिरोरेषाच तुटते. नाव मावत नसेल तर दोन ओळी करा किंवा पत्रा मोठा घ्या, तिसरा उपाय नाही.

‘अंजनगाव सुर्जी’ लिहून पाहा. वेलांटी आणि रफार दोन्ही शिरोरेषेच्या वर, एकाच जागेसाठी भांडतात. चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये त्यांचे जोडरूप तयार असते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये रफार नुसता वर आणून ठेवतात, आणि जाड अक्षरात त्याचा गोळा होतो. ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होते ते तर निव्वळ निष्काळजीपणाने. इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकावर शिफ्टसह जे, मग डी, मग यू दाबले की ऱ्ह उमटतो. तीन कळा आहेत, साहेब! पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरा, हे आपल्याच शासनाच्या २०२२ च्या निर्णयात आहे. संगणकात मजकुराची भाषा हिंदीवरच ठेवली की ल आणि श ची हिंदी रूपे येतात, आणि ती तशीच छापली गेली.

रात्रीचे वेगळे. रेडियमच्या पांढऱ्या अक्षरावर हेडलाइट पडला की उजेड फाकतो आणि अक्षर आहे त्याहून जाड दिसते. म्हणून भिंतीवर ८०० ची जाडी शोभते, पण रस्त्यावरच्या रेडियम फलकाला ६०० च्या वर जाऊ नये. उंचीचा आमचा ढोबळ हिशोब दहा फुटांना एक इंच. चार इंची अक्षर चाळीस फुटांवरून नीट वाचता येते, आणि ताशी ६० किमीने जाणारी गाडी ते अंतर एका सेकंदाच्या आत कापते. वेशीवरच्या फलकाला दहा इंच तरी हवेत. ही उंची क च्या शिरोरेषेपासून तळापर्यंत मोजायची, संगणकावरच्या पॉइंटमध्ये नव्हे.

हे सगळे कोणी विचारलेच नाही. निविदेत पत्र्याची जाडी लिहितात, खांबाचा व्यास लिहितात, नटबोल्टसुद्धा लिहितात. अक्षरासाठी फक्त ‘ठळक मराठी’. राजभाषा अधिनियम १९६४ चा, अभिजात दर्जा २०२४ चा, आणि गावाचे नाव ठरवणार सगळ्यात कमी दर भरणारा! तीन वर्षांची उलाढाल आणि अनामत रक्कम मागितल्यावर हातात ब्रश धरणारा माणूस बाहेरच राहणार, हे निविदा लिहिणाऱ्याला कळत नाही असे आम्ही कसे मानायचे? भर उन्हात तापल्या पत्र्यावर रेड ऑक्साइड मारून काम करणाऱ्याचे बिल महिनोन्महिने अडते. ट्रकवाल्याचे अडत नाही. रस्ता असो, शाळा असो, पाटी असो, खाली काम करणाऱ्याला विचारायचे नाही, ही रीतच पडली आहे.

फॉन्टचे नाव, जाडी, मिमीमध्ये उंची आणि आउटलाइनला बंदी, एवढे निविदेत घाला. छोटी कामे तालुक्यातच द्या. छपाईआधी प्रत्येक नावाचा पूर्ण मापाचा कागदी नमुना ग्रामपंचायतीत लावा, आणि त्यावर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) व गावातल्या शिक्षकाची सही झाल्याशिवाय कोणाचेही बिल काढू नका.

आपले,
तालुक्यातील पेंटर व रेडियम कारागीर