कार्डावरच्या लाल ओळीबद्दल, सिस्टर

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

एआरटीच्या (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) कार्डावर, पहिल्याच पानावर, तुम्ही लाल पेनाने लिहिलंत: 'हिपॅटायटिस बी आहे. टेनोफोविर परस्पर बंद करू नये.' टेनोफोविर एचआयव्ही आणि यकृताचा हिपॅटायटिस बी, दोन्हींना दाबून ठेवतं. हे पत्र त्या ओळीसाठी आहे. तसा रकाना कार्डात नाही, कुणी लिहायला सांगितलंही नव्हतं.

आधीच्या ठिकाणी हिशेब सोपा होता. क्रिएटिनिन (किडनी थकल्याची खूण) वाढलं की टेनोफोविर काढा, अबाकाविर-लॅमिव्हुडिन ही दुसरी जोडी द्या, पुढचा पेशंट. एचआयव्हीचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेलाच राहतो, म्हणून कागदावर सगळं आलबेल. पण बी विषाणूशी लढायला एकटी लॅमिव्हुडिन उरते, आणि चार-पाच वर्षांत बहुतेकांच्यात तो तिला जुमानेनासा होतो. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन दोन्ही सुटल्या तर काही आठवड्यांतच एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारा आकडा) शेकड्यांत, कधी हजारावर जाऊ शकतो. मग विचारायचं काय, तर "दारू किती पिता?" अहो, किडनीची काळजी असेल तर टीएएफ हा टेनोफोविरचा किडनीला सौम्य प्रकार आहे, टीडीएफ या नेहमीच्या प्रकाराच्या दोन गोळ्यांमधलं अंतर वाढवता येतं, एचआयव्ही दबलेला असेल तर बीवरचं एन्टेकाविरही जोडता येतं. त्यासाठी आधी एचबीएसएजीचा, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या तपासणीचा, रिपोर्ट उघडावा लागतो. तो फायलीच्या तळाशी होता.

तुम्ही तो वर काढलात. हिपॅटायटिस सीची अँटीबॉडी निगेटिव्ह असूनही सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) शंभराच्या आत आणि एसजीपीटी चढलेला दिसला, तेव्हा थेट विषाणू शोधणाऱ्या आरएनए तपासणीचा आग्रहही तुमचाच. इतक्या कमी सीडी४ला शरीर कधीकधी अँटीबॉडी तयारच करत नाही, हे किती जणांच्या लक्षात असतं? एचआयव्हीचं एफाविरेन्झ चालू असताना हिपॅटायटिस सीचं डाक्लाटासविर ६० नव्हे, ९० मिलिग्रॅम लागतं, आणि सीचे उपचार चालू असताना दबलेला बी उसळू शकतो, याची आठवणही डॉक्टरांना तुम्हीच दिलीत. तीही अशी, की त्यांना कमीपणा वाटला नाही. माणुसकी म्हणतात ती बहुधा अशीच, पदाबाहेरची असते. गोड बोलणारे खूप भेटतात. रिपोर्ट शेवटच्या पानापर्यंत वाचणारे विरळा.

घरच्यांच्या तपासणीच्या चिठ्ठ्याही तुम्हीच दिल्यात. ज्यांना बीची लागण नाही आणि प्रतिकारशक्तीही नाही, त्यांना लस: ०, १ आणि ६ महिने. एचआयव्ही असेल तर डोस दुप्पट, ४० मायक्रोग्रॅम, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण). तो किमान १० हवा. एखाद्याचा तिसरा डोस चुकलाच, तर पहिल्यापासून सुरुवात नको, राहिलेला तेवढा द्यायचा, हे तुम्ही समजावलंत म्हणून कुणी मधेच सोडलं नाही.

आपले ऋणी,
एआरटीच्या रांगेतले आम्ही सगळे