डॉक्टरांनी लिहिलेलं औषध न विचारता बदलल्याबद्दल तक्रार

दिनांक : १६ मे २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन औषध सेवा, मुंबई कार्यालय

विषय : एन्झाइमच्या कॅप्सूलऐवजी दुसऱ्याच गोळ्या पाठवल्याबाबत

महोदय,

माझ्या आठ वर्षांच्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार आहे. ५ मे रोजी मी तुमच्या ॲपवरून त्याच्या पॅनक्रिएटिनच्या, म्हणजे अन्न पचवणाऱ्या एन्झाइम्सच्या, कॅप्सूल मागवल्या, २५,००० युनिटच्या ९० आणि १०,००० च्या ६०. डॉक्टरांची चिठ्ठी अपलोड केली होती आणि ती तपासल्याचा तुमचा मेसेजही आला होता. ७ तारखेला भांडुपला घरी आल्या त्या पचनाच्या साध्या गोळ्या. बिलावर बारीक अक्षरात ‘पर्यायी उत्पादन’ एवढंच लिहिलेलं. त्याआधी ना फोन, ना मेसेज.

मी तेव्हा ऑफिसच्या ट्रेनिंगला नाशिकला होते. पाकीट वेगळं दिसलं म्हणून माझ्या मिस्टरांनी गोळी देण्याआधी तुमच्या कस्टमर केअरला फोन केला. उत्तर मिळालं, “सर, कंटेंट सेम आहे, चालेल.” त्या शब्दावर विसंबून त्यांनी ८ आणि ९ तारखेला मुलाला त्याच गोळ्या दिल्या.

कंटेंट सेम नव्हतं, हे मला तुम्हाला नीट सांगायचं आहे. या आजारात शरीरातले स्राव घट्ट, चिकट होतात. स्वादुपिंडाच्या नळ्या त्यांनी बुजतात आणि अन्न पचवणारी एन्झाइम्स आतड्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून ती बाहेरून द्यावी लागतात, प्रत्येक जेवणाबरोबर आणि मधल्या खाण्याबरोबरही. कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात आणि त्यांच्यावरचं आवरण जठरातल्या आम्लात विरघळत नाही, पुढे लहान आतड्यात विरघळतं. माझा मुलगा लहान होता तेव्हा मी कॅप्सूल उघडून ते दाणे सफरचंदाच्या गरात घालून भरवायचे. ते चावायचे नसतात, हे शिकवायलाच महिना गेला. चरबी पचवणाऱ्या लायपेजचे युनिट वजन आणि जेवण बघून डॉक्टर ठरवतात. कमी पडले तर अन्न अंगी लागत नाही, आणि त्यांना वरची मर्यादाही असते. तुम्ही पाठवलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर लायपेजचे युनिट छापलेलेच नाहीत, नुसते मिलिग्रॅम आहेत. मग हिशेब कशाचा करायचा?

दोन दिवसांत व्हायचं तेच झालं. पोटात कळा, तेलकट, फिकट, उग्र वासाची शौच, दिवसातून पाच-सहा वेळा. शुक्रवारी रात्री मी घरी पोचले तेव्हा तो पोट धरून झोपला होता. वजन ६०० ग्रॅमने उतरलं होतं. आमच्याकडे त्याच्या भातावर तूप जास्त पडतं, डब्यात शेंगदाण्याचा लाडू असतो, उन्हाळ्यात घामातून मीठ फार जातं म्हणून ताकात मीठही जास्त असतं. शंभर ग्रॅम वाढायला आम्हाला आठवडे लागतात. आणि या मुलांचं वजन पडलं की फुप्फुसांची ताकदही कमी होत जाते. रोज सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर, मग पाठीवर थापट्या देऊन कफ सोडवणं, एवढं सगळं त्या फुप्फुसांसाठीच चाललेलं असतं.

शनिवारी सकाळी ओपीडीत ओळख झालेल्या एका आईने घाटकोपर स्टेशनवर येऊन मला तिच्या मुलीच्या कॅप्सूलमधल्या दहा दिल्या. आमची मुलं एकमेकांना भेटत नाहीत, एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला लागू नयेत म्हणून. आम्ही आयाच भेटतो. तिने स्वतःच्या लेकीच्या वाट्यातून काढून दिलं, ते माझ्याने विसरवणार नाही. नंतर दादरच्या एका दुकानदाराने दोन दिवसांत औषध मिळवून दिलं. त्याआधी त्याने फोन करून विचारलं, “ताई, २५,००० चीच ना?”

तुमच्याकडे तक्रार केली तर २०० रुपयांचं कूपन आलं. पाकीट उघडलेलं आहे म्हणून पैसे परत मिळणार नाहीत, असंही कळवलं. उघडलं ते तुमच्या माणसाने ‘चालेल’ म्हटल्यावर.

मला कूपन नको. गोळ्यांचे पूर्ण पैसे परत द्या. चिठ्ठीवरचं औषध बदलायला कोणी आणि कशाच्या आधारावर परवानगी दिली, ते लेखी कळवा. फोनवर ज्याने उत्तर दिलं तो फार्मासिस्ट होता का, हेही. यापुढे आमच्या खात्यावर कोणतंही औषध बदलू नये अशी नोंद करा आणि औषध शिल्लक नसेल तर त्याच दिवशी ‘नाही’ म्हणून सांगा. नाही म्हटलं असतं तर ५ तारखेलाच मी दादर गाठलं असतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाकडे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. बिल, पाकिटाचे फोटो, चिठ्ठी आणि ८ तारखेच्या कॉलची नोंद सोबत जोडली आहे.

आपली ग्राहक,
भांडुप (पूर्व), मुंबई