सेंटिमीटरच्या आधी वारा बघ

सापोरो
९ जानेवारी

प्रिय मंदार,

तुझा मेसेज आणि अ‍ॅपचा स्क्रीनशॉट मिळाला. टोकियोचं काम आटोपून इकडे होक्काइदो बेटावर निसेकोला स्कीइंगसाठी दोन दिवस काढतोयस, याचा फार आनंद झाला. अ‍ॅपमध्ये बुधवारपुढे ४० सेंटिमीटर बर्फ दिसतो म्हणून तू बुधवार-गुरुवार धरायचं म्हणतोस. मी म्हणेन, गुरुवार-शुक्रवार धर. असं का, ते जरा सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी तुझं तुलाच ठरवता येईल.

तुझी नजर गुलमर्गवर तयार झालेली. तिथे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारं वादळी हवामान, येतं, दोन-तीन दिवस बर्फ ओततो आणि मग आकाश मोकळं होतं. त्यामुळे अ‍ॅपवर बर्फाचं चिन्ह दिसलं की ती बातमी असते. निसेकोत जानेवारीत ते चिन्ह जवळजवळ रोजच असतं, त्यातून काहीच कळत नाही. हिवाळ्यात सायबेरियावर जास्त दाब आणि जपानच्या पूर्वेला समुद्रावर कमी दाब असतो. त्यामुळे वायव्येकडून अतिथंड, कोरडा वारा सुटतो. वाटेत जपानचा समुद्र लागतो. त्सुशिमा या उष्ण सागरी प्रवाहामुळे त्याचं पाणी त्या मानाने उबदार असतं. वारा तिथून ऊब आणि बाष्प उचलतो आणि डोंगराला धडकून सगळं रितं करतो. आपल्या घाटमाथ्यावर पावसाचं जे होतं तेच. ताम्हिणीत धो धो आणि पलीकडे पुण्यात भुरभुर. इथे पलीकडची बाजू म्हणजे टोकियो. ज्या दिवशी तुला हॉटेलच्या खिडकीतून निळंशार आकाश दिसेल, त्याच दिवशी इकडे बहुधा बर्फ पडत असेल.

म्हणून आकड्याच्या आधी दाबाचा नकाशा उघड. इथल्या टीव्हीवर रोज दाखवतात. समदाब रेषा (सारखा दाब असलेली ठिकाणं जोडणाऱ्या) होक्काइदोवर उभ्या आणि एकमेकींना चिकटून असतील तर बर्फ येणार हे नक्की, पण वादळी वाराही येणार. आपण जाणार तो डोंगर निसेको अन्नुपुरी, त्याचं शिखर १३०८ मीटरचं, माथ्याकडे झाडं नाहीत. वारा वाढला की वरच्या लिफ्ट आणि गोंडोला बंद करतात, आणि सगळी गर्दी खालच्या दोन-चार लिफ्टवर रांगा लावते. ४० सेंटिमीटर पडलेले असतात, पण तिथवर पोचता येत नाही.

या आठवड्याचा नकाशा नेहमीच्या क्रमाने चाललाय. मंगळवारी जपानच्या समुद्रातून कमी दाबाचा पट्टा सरकेल. त्याच्या पुढ्यात दक्षिणेकडची ऊबदार हवा असते, म्हणून पायथ्याशी ओला, जड बर्फ पडेल, कदाचित पाऊससुद्धा. रात्री थंड हवेची आघाडी ओलांडून जाईल आणि बुधवारी वारा पिसाटेल. अ‍ॅपमधले सेंटिमीटर याच वेळचे. गुरुवारी रेषा सुट्या होताना दिसतात. वारा पडेल, थंडी टिकेल, बर्फ हलका हलका पडत राहील, वरचं सगळं उघडेल. गुरुवारी सकाळी पहिल्या लिफ्टला उभा राहा.

तापमानाचंही एक बघून ठेव. अ‍ॅप बहुधा पायथ्याच्या कुच्चान गावाचं तापमान दाखवतं, आणि शिखर त्या गावाहून हजार मीटरपेक्षा जास्त उंच आहे. दर शंभर मीटरला सुमारे ०.६ अंश धरलंस तर वर सहा-सात अंश कमी, शिवाय वाऱ्याची थंडी वेगळी. अंदाज सांगणारे इथे दोन आकडे सतत घेतात: १५०० मीटर उंचीवरच्या हवेत उणे ६ अंश म्हणजे सपाटीवरही बर्फच पडणार, आणि ५५०० मीटरवर उणे ३६ म्हणजे जोरदार हिमवृष्टीची शक्यता. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर साचलेल्या आणि नव्याने पडलेल्या बर्फाचा नकाशा दर तासाला बदलतो, पुढच्या सहा तासांचा अंदाजही असतो. झोपण्यापूर्वी आणि उठल्याबरोबर तो पाहायचा.

रिसॉर्टच्या सकाळच्या पत्रकात 'सेकिसेत्सु' म्हणजे एकूण साचलेला बर्फ आणि 'कोसेत्सु' म्हणजे नवा पडलेला. एकूण खोलीवर भुलू नकोस. बर्फ स्वतःच्या वजनाने दबत जातो, त्यामुळे रात्रभर पडूनही खोली तेवढीच दिसू शकते. नवा किती, तो पडला तेव्हा थंडी किती होती आणि वारा कसा होता, एवढं पुरे. 'अस्सेत्सु' लिहिलेला उतार यंत्राने दाबून सपाट केलेला असतो, पहिला तास तिथे पाय मोकळे कर.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. लिफ्टवर बसलास की काळा हातमोजा पुढे धर आणि त्यावर पडलेला एकेक कण जवळून बघ. सहा पाकळ्या, प्रत्येकीला पिसासारखे फाटे फुटलेले असतील तर वरच्या ढगात उणे १५च्या आसपास तापमान आहे. कणाचा आकार तापमानावर आणि बाष्पावर ठरतो हे इथे सापोरोच्याच होक्काइदो विद्यापीठात नाकाया उकिचिरो यांनी उलगडून दाखवलं. १९३६ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण तयार केला. या फाट्यांमध्ये हवा अडकते, म्हणून तो बर्फ इतका हलका असतो की गुडघ्याएवढ्या खोलीतूनही स्की अडत नाही. पण वाऱ्याने कण घरंगळले की फाटे मोडतात, तुकडे एकमेकांत घट्ट बसतात आणि त्यांची फळी तयार होते. वाऱ्याआडच्या उतारावर अशी फळी खालच्या मऊ थरावर नुसती टेकलेली असते. तीच सुटते आणि हिमस्खलन होतं. बुधवारचा वारा मला नको वाटतो तो यासाठीही.

रिसॉर्टच्या हद्दीच्या दोरीबाहेरच्या उतारावर जायचं तर निसेकोचा नियम कडक आहे: गेटमधूनच जायचं आणि गेट उघडं असेल तरच. दोरीखालून वाकून जाणं अजिबात चालत नाही, पास काढून घेतात. रोज सकाळी हिमस्खलनाची माहिती जाहीर होते. शिन्या आकिओ या अनुभवी गिर्यारोहकाने ती अनेक वर्षं लिहिली आणि हा नियम इथे रुजवला. बर्फ आणि वाऱ्याबद्दल त्यात जे असतं ते कुठल्याही अ‍ॅपमध्ये मिळत नाही. ती वाचल्याशिवाय आपण गेटपाशी जाणार नाही, हे आत्ताच ठरवू या.

झाडीत एकट्याने शिरू नकोस. बुंध्याभोवती फांद्यांखाली पोकळी असते, वरून दिसत नाही. त्यात डोकं खाली गेलं तर स्वतःहून बाहेर पडणं फार कठीण. मी मागे असेन, शिट्टी गळ्यात ठेव, दर दोन वळणांनी हाक मार.

बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा माग देणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) माझ्याकडे जास्तीचे आहेत, भाड्याने घेऊ नकोस. ढगाळ उजेडात चालणारी फिकट काच मात्र गॉगलला हवीच, पुण्याहून निघतानाच घे. विम्यात गेटबाहेरचं स्कीइंग आणि बचावाचा खर्च धरलाय का, ते एजंटला विचार. बुधवारी रात्री सापोरोला माझ्याकडे उतर, गुरुवारी पहाटे गाडीने निघू. विमानाची वेळ कळव.

काकूंना नमस्कार, वहिनीला आठवण सांग.

तुझा,
अभिजित