सोसायटीच्या लाल पेटीत काय आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एप्रिल आला की पेपरात मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाची आठवण छापून येते, १४ एप्रिल १९४४, आपले ६६ अग्निशमन जवान गेले, मग अग्निशमन सप्ताह साजरा होतो आणि २१ तारखेपासून सगळं शांत. त्याबद्दलच लिहितोय.

मी मूळ ठाण्याचा, सध्या कॅलिफोर्नियात. वय ४६. मागच्या वर्षी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा फायर प्रोटेक्शनचा कोर्स केला तर घरच्यांनी येड्यातच काढलं, आता काय बंबावर चढणार का म्हणे. पण इथे १८ पूर्ण असले की कोणीही जाऊन बसू शकतो, राज्यातल्या माणसाला फी युनिटला (कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटचे १३८, पुस्तक वेगळं. वर्गात फायरफायटर व्हायला आलेली पोरं होतीच, पण एक हॉटेलातला मेंटेनन्सवाला आणि एक प्लंबरपण होता.

सर म्हणजे रिटायर्ड कॅप्टन. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्प्रिंकलरचं, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचं, हेड हातात दिलं, मध्ये इवलीशी काचेची नळी, आत लाल द्रव. लाल असेल तर ६८ डिग्री सेल्सिअसला फुटणार, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. आणि नेहमीच्या सिस्टीममध्ये आगीजवळचं तेवढंच फुटतं, पिक्चरमध्ये दाखवतात तसा सगळीकडे पाऊस नाही पडत!! इतकी वर्षं ऑफिसात त्याच्याखाली डबा खाल्ला पण कधी मान वर करून बघितलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या १९११ च्या ट्रँगल कारखान्याच्या आगीचा धडा पण झाला, १४६ जीव गेले, बहुतेक तरुण मुली, आणि जिन्याच्या एका दाराला चक्क कुलूप होतं.

दिवाळीत आईकडे आलो तर डोक्यात हेच. आमच्या जिन्यातली लाल पेटी उघडली, आग विझवायचा होज (पाण्याचा पाइप) होता पण त्याच्या पुढची पितळी ब्रांच, म्हणजे पाणी मारायचं तोंड, गायब, खाली कोणाच्या तरी चपला आणि रद्दी. रेफ्युज एरियात, म्हणजे आग लागली तर लोकांनी थांबायच्या मोकळ्या जागेत, गणपतीचं मखर, वर कुलूप. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, आगीची यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म जातो ना जानेवारी-जुलैत, टेन्शन नका घेऊ. ब्रांच चोरीला जाते म्हणून ऑफिसच्या कपाटात ठेवलीय." कपाटाची चावी कोणाकडे? त्यांच्याच खिशात, आणि दुसऱ्या दिवशी ते चालले शिर्डीला.

माणूस वाईट नाही हो, त्यांना कोणी शिकवलंच नाही. आपल्याकडे नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, पण तिथे या खात्यात करिअर करणारेच जाणार. सेक्रेटरी, वॉचमन, लिफ्टवाला, वायरमन यांनी कुठे शिकायचं? गावोगावी कॉलेजं संध्याकाळी रिकामीच असतात, तिथे रिटायर्ड फायर ऑफिसर बोलावून तीन महिन्यांचा मराठीतून कोर्स का नाही काढता येणार? फी ठेवा हजार-दोन हजार, सोसायटी भरेल, रंगरंगोटीला लाखो रुपये काढतोच की आपण.

चपला मी तेव्हाच उचलून बाजूला ठेवल्या होत्या. आई फोनवर म्हणाली, परत आल्यात.

— एक वाचक, कॅलिफोर्निया (मूळ ठाणे)